जेबीएल ०७५ घ्यावा की २४०५?

धुळ्यात जुन्या सामानवाल्याकडे या दोन्ही ट्विटरच्या (फक्त वरचे, बारीक सूर वाजवणारे स्पीकर) जोड्या आहेत म्हणता. दोन्हींत आत ॲल्युमिनियमची कडीवजा चकती, फरक तोंडाचा. ०७५ च्या मधोमध बंदुकीच्या गोळीसारखा गोळा, २४०५ ला उभी फट.

०७५ साधारण २,५०० हर्ट्झपासून (सेकंदाला इतकी कंपनं; आकडा मोठा तितका सूर वरचा) वाजतो आणि १५,००० च्या पुढे ढेपाळतो. झांज अक्षरशः अंगावर येते. लग्नाच्या मांडवात मस्त, दहा बाय बाराच्या खोलीत डोकं उठतं. २४०५ मात्र ६,५०० च्या वर, थेट २१,००० पर्यंत. फटीमुळे आवाज आडवा पसरतो, कोपऱ्यात बसलेल्यालाही तबल्याच्या चाटीची किनार स्वच्छ लागते. घरासाठी मी २४०५ च घेईन. पण त्याला खालचे सूर देऊ नका, चकती जाते.

पैसे देण्याआधी मीटर (वीज आरपार जाते का ते दाखवणारा मल्टिमीटर) लावा. काटा हलला नाही तर आतली तारेची कॉईल जळालेली, मग कितीही स्वस्त असो.