हाँगकाँगच्या जुन्या वुशिया (चिनी तलवारबाज वीरांच्या कथांच्या) मालिका डिस्कवर जमवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीच्या १९८३ च्या ‘द लेजंड ऑफ द काँडर हीरोज’पासून करा. जिन योंग यांच्या कादंबरीवरची ही ५९ भागांची मालिका; फेलिक्स वाँग आणि बार्बरा युंग यांची जोडी पाहिली की बाकीच्या आपोआप शोधाल. पण याच कादंबरीवर १९९४, २००३, २००८ मध्येही मालिका आल्या, म्हणून विकणाऱ्याला आधी साल आणि कलाकार विचारा.

भाषेकडे नीट लक्ष द्या. मूळ संवाद कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगच्या चिनी भाषेत आहेत आणि बऱ्याच संचांत फक्त मँडरिन डबिंग असतं. माझं ऐकाल तर कँटोनीज ट्रॅक असलेलाच संच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. संवादांची मूळ लय डबिंगमध्ये हरवते.

डीव्हीडीवर रीजन म्हणजे विभागाचा क्रमांक असतो आणि ती त्याच क्रमांकाच्या प्लेअरवर चालते. हाँगकाँगच्या डीव्हीडी रीजन ३, चीनच्या ६ आणि आपल्याकडचे प्लेअर ५, त्यामुळे सगळे रीजन चालवणारा मल्टिरीजन प्लेअर लागतो. व्हीसीडीला (व्हिडिओ सीडीला) ही अडचण नाही, पण एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटं मावतात आणि चित्रही धूसर. इंग्रजी सबटायटल्स आहेत का, हेही आधीच विचारून घ्या. जुना संच आला की प्रत्येक डिस्क लगेच शेवटपर्यंत चालवून पाहा.