चीन-जपान युद्धाच्या काळात गुप्तहेर असलेला चिनी पेपरचा संपादक कोण होता?

तुम्ही बहुतेक युआन शू बद्दल विचारताय. जन्म १९११ चा, मूळ धंदा पत्रकारिताच. १९३१ ला शांघायमधे त्याचा एक छोटा साहित्यविषयक पेपर होता, तेव्हा कुओमिन्तांग (कम्युनिस्टांचा विरोधी राष्ट्रवादी पक्ष) सरकारने काही डाव्या लेखकांना गुपचूप गोळ्या घालून मारलेलं आणि छापायची कोणाची टाप नव्हती, तर याने काय केलं, वाचकाचं पत्र म्हणून छापलं की अहो हे लेखक नरकात आहेत की पृथ्वीवर? आणि पुढच्या अंकात 'वाचकांची उत्तरं' म्हणून मेल्याची बातमी. डोकं बघा 😀

त्याच वर्षी कम्युनिस्ट पार्टीने त्याला हेर म्हणून आपल्यात घेतलं. मग कुओमिन्तांगचं हेरखातं, जपानी कॉन्सुलेट, वांग जिंगवेईचं जपानधार्जिणं सरकार, सगळीकडे हा 'आपला माणूस'. १९४० मधे जपानी अधिकारी इवाईच्या पैशावर शांघायला पेपर काढला, वरून जपानचे गोडवे आणि आत ऑफिसात कम्युनिस्ट लोक भरलेले, माहिती कम्युनिस्टांच्या हेरखात्याचा बडा माणूस पान हान-निएनकडे जायची. म्हणजे खर्च जपान्यांचा आणि खबर कम्युनिस्टांना.

बाहेर लोक अर्थात त्याला देशद्रोहीच म्हणायचे, आणि तो खुलासा करणार तरी कसा. युद्धानंतरही सुटका नाहीच, १९५५ ला पान हान-निएनच्या केसमधे स्वतःच्याच पार्टीने आत टाकला, वीसेक वर्षं गेली त्यात. १९८२ ला नाव साफ झालं, १९८७ ला वारला.