दाढीवाल्यांची पत्रं

गेल्या महिन्यात या सदरात आमच्या नानाचा फोटो छापला आणि त्याखाली एक ओळ लिहिली : ‘ह्याचे केस मी महिन्याला हाताने उपटते.’ नाना म्हणजे आमचा अकरा वर्षांचा मिनिएचर श्नॉझर. भुवया आणि मिश्या बघून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. एरवी लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डवाल्यांची पत्रं येतात; या वेळी ताठ केसांच्या कुत्र्यांची मंडळी कुठून कुठून बाहेर आली. तेव्हा हा अंक त्यांचा.

प्रश्न : ताई, आमचा श्नॉझर अडीच वर्षांचा आहे. एप्रिलमध्ये उकाडा फार म्हणून पार्लरमध्ये नेऊन मशीनने केस बारीक करून घेतले. आता चार महिने झाले. केस आलेत, पण ते पूर्वीचे नव्हेत. आधी पाठीवर हात फिरवला की काथ्याच्या पायपुसण्यासारखं लागायचं, आता कापसासारखं लागतं. रंगही उडाला. मीठ-मिरीसारखा होता, तो राखेसारखा झाला. थायरॉइडची तपासणी केली, ती नॉर्मल आली. काय झालं असेल?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तपासणी केलीत ते उत्तम, थायरॉइडमुळेही केस बिघडतात. ती शंका मिटली असेल तर उरतो तो मशीनचा प्रताप. कुत्रा आजारी नाही.

नानाच्या पाठीवरचा एक केस आत्ता पांढऱ्या कागदावर ठेवून बघतेय. टोकाकडे जाड आणि ताठ, मुळाकडे येताना बारीक, मऊ. रंगाचे पट्टेसुद्धा आहेत : टोकाला काळा, मध्ये फिकट, पुन्हा काळसर. मीठ-मिरी रंग म्हणतात तो या पट्ट्यांचा खेळ. मशीन फिरलं की ताठ, रंगीत भाग फरशीवर पडतो आणि अंगावर राहतो तो मऊ, फिकट बुडखा. शिवाय या जातींचा केस वाढ पूर्ण झाली की मरतो, पण आपणहून सहसा गळत नाही. मुळाशी तसाच अडकून बसतो. तो उपटला तर त्या जागी नवा, ताठ केस येतो. कापला तर जुना जागा सोडत नाही, आणि आतली मऊ लव तेवढी भरभर वाढते. तुमच्या हाताला लागणारा कापूस तोच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नाना दोन वर्षांचा असताना मी बँकेत कॅश काउंटरला होते. एका शनिवारी त्याला नाशकातल्याच एका पार्लरमध्ये सोडलं आणि ‘थोडे कमी करा’ म्हटलं. संध्याकाळी आणायला गेले तर दाढी लावलेली घूस बाहेर आली. त्यांनी विचारलं नाही हे खरं, पण काय सांगायचं ते मला तरी कुठे माहीत होतं! नाना दोन दिवस कॉटखालून निघाला नाही. केस पुन्हा खरखरीत व्हायला दीड वर्ष गेलं, आणि मानेवर अजून एक मऊ पट्टा आहे तो आहेच.

तुमच्याकडेही सुधारणा होईल, पण सावकाश. पद्धत सांगते. त्या दिवशी अंघोळ घालायची नाही, धुतलेला केस निसटतो. आधी कंगवा फिरवून गुंते काढायचे. मग डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पाच-सहा केस टोकाशी पकडायचे आणि केस ज्या दिशेने वाढलाय त्याच दिशेने सरळ ओढायचे. मनगट वळवायचं नाही. वळवलं की केस मध्येच तुटतो. बोटं घसरत असतील तर खडूची पूड लावा. माझ्यापुरता उपाय बँकेनेच दिला. नोटा मोजताना बोटात घालायची ती रबरी टोपी. स्टेशनरीच्या दुकानात मिळते, आणि यासाठी तिच्यासारखं काही नाही. बावीस वर्षं नोटा मोजलेल्या हाताला ही लय परकी वाटली नाही.

पाठ, कुशी, मानेची वरची बाजू एवढंच उपटायचं. पोट, गळा, शेपटीखालचा भाग आणि नाजूक जागा कात्रीने किंवा मशीनने. दाढीला आणि पायांच्या केसांना फक्त कंगवा. एका बैठकीला वीस मिनिटं पुरे. पहिल्यांदा सगळं अंग व्हायला आठवडा लागतो, लागू द्या. श्नॉझरच्या पाठीवर कधी कधी काळ्या तोंडाच्या बारीक पुटकुळ्या येतात. तशा असतील किंवा कातडी लाल दिसत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि उकाड्याचं म्हणाल तर केस भादरून कुत्रा थंड होत नाही. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पायांच्या गाद्यांना येतो तेवढाच. बाकीचा सगळा कारभार धापेवर. फार बारीक केलेल्या कातडीला ऊन मात्र थेट लागतं. एप्रिलमध्ये नानाचं फिरणं सकाळी सातच्या आत उरकतं आणि दुपारी तो मोरीच्या दारातल्या शहाबादी फरशीवर पालथा पडतो. मेलेले, अडकलेले केस उपटून मोकळे केले की वाराही आत जातो, हा वेगळा फायदा.

प्रश्न : मुक्या जनावराचे केस उपटता आणि वर ते छापता? तुमचे कोणी उपटले तर?
– एक संतप्त वाचक, नागपूर

उत्तर : माझे उपटले तर मी ओरडेन, कारण माझे केस पिकले की पांढरे होतात. यांचे पिकले की सुटतात. पिकलेला केस हलक्या ओढीने हातात येतो आणि मुळाशी रक्ताचा टिपूस नसतो. आला नाही तर तो तयार नाही, सोडून द्यायचा. नाना पाठीचं काम चालू असताना घोरतो. मांडीच्या मागे हात गेला की मान वळवून बघतो, तेव्हा थांबायचं.

तुमच्या रागात एक मुद्दा मात्र खरा आहे. न पिकलेला केस जोर लावून ओढणारे लोक आहेत, आणि मऊ केसांच्या कुत्र्यावर हा प्रयोग करणारेही. तो छळच. म्हाताऱ्या, हृदयाचा त्रास असलेल्या किंवा हात लावू न देणाऱ्या कुत्र्याचे केस सरळ मशीनने कापावेत. खरखरीतपणा गेला तर गेला, प्रदर्शनात कुठे न्यायचंय त्याला!

प्रश्न : माझ्या मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. ‘या जातींचे केस गळत नाहीत, ॲलर्जी होणार नाही’ असं विकणारा म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धं खरं आणि अर्धं दुकानदारीचं. केस कमी गळतात हे खरं. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक सगळे प्रकार तीन जनुकांच्या हेरफेराने होतात. एक लांबीचं, एक कुरळेपणाचं आणि एक दाढी-मिश्या-भुवयांचं. हे दाढीवालं जनुक एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं. म्हणून एखाद्या टेरियरच्या भानगडीतून झालेलं गल्लीतलं पिल्लूही भुवया उंचावून आपल्याकडे बघतं.

पण ॲलर्जी केसांची नसते. ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि लाळ नि कोंडा प्रत्येक कुत्र्याला असतो. 2011 मध्ये अमेरिकेत ‘ॲलर्जी न देणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या आणि इतर जातींच्या घरांतली धूळ तपासली, तर फरक सापडला नाही. तेव्हा विकणाऱ्याचं ऐकू नका. मुलाची तपासणी करून घ्या आणि ज्यांच्याकडे असा कुत्रा आहे त्यांच्या घरी चार-पाच वेळा त्याला तास-दोन तास बसवा. पिल्लू आणून महिन्याने परत करणं कुणाच्याच हिताचं नाही, मुलाच्या तर नाहीच.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असतो. आमच्याकडे ताठ केसांचा डॅक्सहुंड आहे. पहिल्यांदा केस कापायला नेला तेव्हा बाईंनी जर्मनमध्ये विचारलं, ‘ट्रिमन की शेरन?’ मला ‘ट्रिमन’ म्हणजे आपलं ट्रिमिंग वाटलं, होय म्हणालो. दोन तास लागले आणि बिल बघून घाम फुटला. फसवलं का मला?
– एक वाचक, जर्मनी

उत्तर : नाही हो, शब्दाने फसवलं! आपल्याकडे ट्रिमिंग म्हणजे मशीन. तिकडे कुत्र्यांच्या धंद्यात ‘ट्रिमन’ म्हणजे हाताने उपटणं आणि ‘शेरन’ म्हणजे कापणं. तुम्ही नकळत योग्य तेच मागितलंत. श्नॉझर तिकडचाच, तबेल्यात उंदीर मारणारा. ‘श्नाउत्सं’ म्हणजे नाकाड, त्यावरून नाव. तुमच्या डॅक्सहुंडचा ताठ केसही जुन्या काळी दाढीवाल्या जातींशी संकर करून आणला. तेव्हा त्या बाईंच्या हाताला सराव आहे, एकदा शेजारी बसून नीट बघून घ्या आणि पुढचं बिल वाचवा. केसांपेक्षा त्याची पाठ जपा. लांब पाठीच्या या जातीत मणक्याची चकती सरकते. सोफ्यावरून उड्या बंद, उचलताना एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली.

प्रश्न : आमचा वायर फॉक्स टेरियर पावसाळाभर ओल्या फडक्यासारखा वास मारतो. दाढी तर तांबूस झाली आहे. रोज शाम्पू लावतो तरी तेच.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : रोज शाम्पू आधी बंद करा. त्याने कातडी कोरडी पडते आणि केस मऊ होतो. चिपळूणच्या पावसात कुत्रा धुण्यापेक्षा तो वाळवणं महत्त्वाचं. ताठ केसावरून पाणी निथळतं; अडकतं ते आतल्या लवेत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत आणि दाढीत. फिरून आल्यावर टॉवेलने रगडू नका, गुंते होतात. जुना धुवट पंचा घेऊन दाबून दाबून टिपा. केसांतलं पाणी पंचा जसं ओढून घेतो तसं महागडा टॉवेल घेत नाही. मग कंगवा मुळापासून. वरवर फिरवला तर वरून कुत्रा विंचरलेला दिसतो आणि खाली नमद्यासारखा थर जमतो.

दाढीचा तांबूस रंग लाळेचा. जेवण झालं की साध्या पाण्याने दाढी खळखळून, टिपून, विंचरायची. आमच्याकडे हे काम आमच्या ‘ह्यां’कडे आहे आणि ते स्वतःच्या मिश्यांपेक्षा जास्त मनापासून करतात. पाण्याचं भांडं स्टीलचं आणि लहान तोंडाचं ठेवा. एवढं करूनही वास राहिला तर दात आणि ओठांच्या घड्या डॉक्टरांकडून बघून घ्या. बऱ्याचदा बिचाऱ्या दाढीवर आळ येतो आणि चोर किडलेला दात असतो.

गोचीड विसरू नका. या केसांत ती दिसत नाही, बोटांना लागते. मागच्या जुलैत नानाच्या दाढीत, हनुवटीखाली, मला वाटाण्याच्या डाळीएवढं काहीतरी लागलं. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढली. रॉकेल, पेटती काडी असले उपाय नकोत. गोचीड निघाल्यावर पुढचे काही आठवडे कुत्रा मलूल वाटला, जेवेनासा झाला, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचीड तापात उशीर महागात पडतो.

प्रश्न : ताई, मी सातवीत आहे. आमच्या शेरूला (श्नॉझर) आजी रोज तूपभात देते आणि रविवारी पांढरा रस्सा. मी नको म्हटलं की ती म्हणते, ‘आमचे कुत्रे असंच खाऊन पंधरा वर्षं जगले.’ कोण बरोबर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजीचे ते कुत्रे दिवसभर मळ्यात धावत असणार आणि श्नॉझर नसणार. या जातीत पुष्कळांच्या रक्तात चरबी मुळातच जास्त असते. वर तूप आणि मटणाची चरबी गेली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तेव्हा कुत्रा वारंवार ओकतो आणि पोट दुखतं म्हणून पुढचे पाय जमिनीला टेकवून मागची बाजू वर धरतो. खेळायला बोलावतोय असं वाटतं, पण शेपूट हलत नसते. असं दिसलं तर वाट बघू नकोस, बाबांना लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांग. एकदा रक्तातली चरबी उपाशीपोटी तपासून घेतलीत तर छानच.

रश्शात कांदा-लसूण असतो, तोही कुत्र्याला विषारी. बेसनाच्या लाडवातला बेदाणा तर अजिबात नको, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आजीचा हात थांबणार नाही हे मला ठाऊक आहे, आमच्या सासूबाईही तशाच. त्यांना आम्ही एक डबा भरून दिलाय, त्यात उकडलेल्या गाजराचे तुकडे असतात. नाना रोज संध्याकाळी त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसतो आणि त्या इकडे तिकडे बघून, कुणाला कळू न देता, त्याला गाजर चारतात. तुझ्या आजीलाही असा एक डबा दे. तूप म्हणावं तुझ्या भातावर घाल.