शिक्षकांचे प्रश्न : चुकेल तो बाद?

प्रश्न : पाचवीच्या वर्गात ४० मुलं आहेत. विभाजक पक्के व्हावेत म्हणून दोन गट करून प्रश्नमंजूषा घेते. चुकेल तो बाद. पण उत्तरं तीच चार-पाच मुलं देतात आणि बाकीची वर्ग डोक्यावर घेतात. खेळ बंद करावा का?

उत्तर : खेळ चालू ठेवा, बाद करणं थांबवा. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच या नियमाने आधी बाहेर बसतो. आणि रिकामं बसलेलं मूल गोंधळ करणारच.

त्याऐवजी जोड्या लावा. दोघांत एक कागद, त्यावर १ ते ३०, आणि दोन रंगांच्या पेन्सिली. पहिल्याने एका संख्येला गोल करायचा. तितके गुण त्याचे. दुसऱ्याने त्या संख्येचे उरलेले सगळे विभाजक (ती संख्या सोडून) आपल्या रंगाने गोल करायचे; त्यांची बेरीज त्याची. मग निवडायची पाळी दुसऱ्याची. जिचा एकही विभाजक शिल्लक नाही अशी संख्या निवडली तर गुण नाहीत, पाळीही गेली. सगळ्याच उरलेल्या संख्या तशा झाल्या की डाव संपला.

बहुतेक मुलं आधी ३० वर झडप घालतात. समोरच्याला १, २, ३, ५, ६, १०, १५ मिळतात, म्हणजे तब्बल ४२ गुण! पुढे कुणीतरी २९ ने सुरुवात करतं. समोरच्याला फक्त १. पुढच्या पाळीला तेच मूल खुशीत २३ घेतं आणि पाळी घालवून बसतं, कारण १ आधीच गेलेला असतो. मूळ संख्या इथे खरी कळते. तुम्ही मध्ये पडून हे आधीच सांगून टाकू नका.

विभाजक हमखास राहून जातात, २४ मधला ८ तर फारच. म्हणून एक नियम जोडा : राहिलेला विभाजक निवडणाऱ्याने दाखवला तर तो त्याचा. मग तपासणी मुलंच करतात, तुम्हाला २० कागद बघत फिरावं लागत नाही. घड्याळ मात्र लावू नका; घाई झाली की मुलं अंदाजाने गोल करतात.

पहिला डाव फळ्यावर, तुम्ही विरुद्ध वर्ग. मग १५ मिनिटं जोड्या. शेवटची १० मिनिटं वहीसाठी राखा : ‘पहिली खेळी कोणती? का?’ तास संपत आला की हाच भाग गळतो, आणि मग मुलांच्या लक्षात फक्त कोण जिंकलं ते राहतं.

प्रश्न : जिंकणाऱ्याला बक्षीस द्यावं का?

उत्तर : नको. बक्षीस आलं की चूक लपवली जाते. जिंकलेल्याने पुढच्या डावात पहिली पाळी समोरच्याला द्यायची, एवढं पुरे.