वजनकाटा, फ्लश आणि छपाईचे खिळे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शंकर आबाजी भिसे यांना 'भारतीय एडिसन' म्हणतात असं वाचनात आलं. छपाईचं मशीन, किराणा तोलणारं यंत्र, आपोआप फ्लश होणारी टाकी, वर आयोडीनचं औषध. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. एकाच माणसाला हे जमतं कसं? की नंतर कौतुकापोटी वाढवून सांगितलंय?
(वाचक, सांगली)

वाढवून नाही सांगितलेलं. भिसे मुंबईचे, जन्म २९ एप्रिल १८६७ चा आणि वारले न्यूयॉर्कला, ७ एप्रिल १९३५ ला. त्यांची पेटंट कागदोपत्री आहेत, आणि पेटंट म्हणजे कुणी आठवणीत लिहिलेली गोष्ट नव्हे, त्यात ड्रॉइंग असतं, प्रत्येक भागाला नंबर असतो आणि आपला नेमका दावा काय ते लिहून द्यावं लागतं. नेटवर त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, टाइप, म्हणजे छपाईचे खिळे, धातूची सुटी अक्षरं, ती ओतायच्या मशीनची त्यांची अमेरिकन पेटंट सापडतात, एकदा ती चित्रं नुसती बघितली तरी माणूस किती बारकाईने विचार करायचा ते कळतं.

आता 'काडीचा संबंध नाही' याबद्दल. माझं मत जरा वेगळंय. आपण वस्तूंकडे बघून क्षेत्रं मोजतो, म्हणजे किराण्याचं दुकान वेगळं, संडास वेगळा, छापखाना वेगळा. पेटंट ऑफिसही तसंच करतं, आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत वजनकाटे 'G' विभागात, फ्लश 'E' मध्ये आणि टाइप ओतणं 'B' मध्ये, तीन वेगळी कपाटं. पण यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात काय चालू असतं ते बघा. भिशांनी लंडनच्या एका मासिकाच्या स्पर्धेत जे डिझाइन पाठवलं आणि जिंकलं, ते होतं साखर-पीठ असला सुटा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचं. म्हणजे माल येतोय, ठरलेलं वजन भरलं की वरचा पुरवठा थांबला पाहिजे, भरलेला माल खाली गेला पाहिजे आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं व्हायला पाहिजे, माणसाने हात न लावता. आता आपोआप फ्लश होणारी टाकी घ्या. अशा टाकीत सायफनची नळी असते, पाणी भरत भरत नळीच्या वाकणाच्या वर गेलं की सायफन सुरू होतो आणि टाकीतलं पाणी एका दमात खाली ओढलं जातं, तळाशी हवा शिरली की सायफन तुटतो आणि पुन्हा भरणं सुरू. आणि टाइप ओतायच्या मशीनमध्ये वितळलेला धातू ठरलेला तेवढाच साच्यात जातो, गोठतो, बाहेर पडतो, साचा पुन्हा मिटतो.

म्हणजे तिन्हीकडे काम तेच ना! ठरावीक माप घ्यायचं, बरोबर वेळेला सोडायचं आणि यंत्र आपसूक पहिल्या जागी आणायचं. एकदा साखर, एकदा पाणी, एकदा वितळलेलं शिसं. मला तरी भिशांची सगळ्यात मोठी ताकद हीच वाटते, की वस्तू बदलली तरी आत अडलेलं काम तेच आहे हे त्यांना दिसायचं. अर्थात सगळंच या सूत्रात बसवायला जाऊ नये, त्यांचं औषध बसत नाही, डोकेदुखीवर त्यांनी एक उपकरण केलं होतं तेही बसत नाही. माणसाला कुतूहल असलं की तो कुठेही हात घालतो, एवढंच तिथे म्हणता येईल.

आणि ज्यांच्याशी त्यांची तुलना होते त्या एडिसनचंही असंच आहे. त्याच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट. १८९० च्या दशकात त्याने न्यू जर्सीत ऑग्डेन्सबर्गला खडक फोडून चुंबकाने लोखंडाचं खनिज वेगळं काढायचा प्रचंड कारखाना घातला आणि त्यात बेदम पैसा घालवला, कारण तोवर मिनेसोटाच्या मेसाबी भागातलं स्वस्त आणि चांगलं खनिज बाजारात आलं. दुसरा कुणी डोकं धरून बसला असता. याने तीच खडक फोडायची विद्या उचलली आणि सिमेंटमध्ये घातली, त्या काळी सिमेंटच्या फिरत्या भट्ट्या साधारण ६० फुटांच्या असायच्या, एडिसनने १५० फुटांची केली. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम १९२३ मध्ये उभं राहिलं त्यात त्याच्या कंपनीचं सिमेंट होतं. ग्रामोफोनवाला माणूस सिमेंटमध्ये कसा गेला असं आपल्याला वाटतं, पण मधला खडक फोडायचा कारखाना माहीत असला की ती उडी वाटतच नाही.

प्रश्न: माझे आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते, 'खिळे' हा शब्द घरात कायम ऐकला. भिशांचं मशीन खिळे जुळवायचं की बनवायचं?
(वाचक, पुणे)

मुख्य काम बनवायचं, म्हणजे ओतायचं. आजोबा ज्या केसमधून, म्हणजे कप्प्यांच्या पेटीतून, खिळे उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, ओळीने लावायचे, ते खिळे आधी फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, ओतलेले असायचे. धातू म्हणजे शिसं, त्यात अँटिमनी आणि थोडं कथील. नुसतं शिसं मऊ पडतं, छपाईच्या दाबाने चेपतं, अँटिमनीने कडकपणा येतो आणि गोठताना आकसणंही कमी होतं म्हणून अक्षराच्या कडा स्वच्छ येतात. अक्षराचा ठसा असतो मॅट्रिक्समध्ये, ती साच्याच्या टोकाला बसवायची, पंपाने धातू आत ढकलायचा, गोठला की साचा उघडून खिळा बाहेर.

ऐकायला सोपं वाटतं, खरी मेख आहे ती मापात. इंग्लंड-अमेरिकेत खिळ्याची उंची ०.९१८ इंच ठरलेली. एखादा खिळा केसभर बुटका निघाला तर तेवढं अक्षर फिकट उठणार, उंच निघाला तर कागदात रुतणार. आणि वेग वाढवायचा तर धातू लवकर गोठायला हवा, साचा तापत राहिला की गोठणं लांबतं, घाईने उघडला तर खिळा पोकळ किंवा वाकडा निघतो. वेग आणि अचूकपणा एकमेकांच्या मुळावर येतात. भिशांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली ती याच ठिकाणी. त्यांच्या पहिल्या मशीनचं नाव भिसोटाइप, पुढे अमेरिकेत त्यांनी आणखी सुधारलेली मशीन केली.

वेळही कसली होती बघा. मर्गेनथालरचं लायनोटाइप १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात सुरू झालं होतं, ते अख्खी ओळच एका तुकड्यात ओतायचं. लॅन्स्टनचं मोनोटाइप सुटी अक्षरं ओतून ओळीत लावायचं. दोन्हींच्या मागे मोठमोठ्या कंपन्या. त्या बाजारात मुंबईचा एक माणूस स्वतःचं मशीन घेऊन उतरतो, आणि तेही इंग्रजांच्या राज्यात इंग्रजांच्याच राजधानीत, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि टाइप ओतणं हे मुंबईला काही नवीन नव्हतं हेही सांगायला पाहिजे. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, त्यांची स्वतःची फाउंड्री होती आणि तिथला देवनागरी टाइप देशभर वाखाणला जायचा. देवनागरीला काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागतात, आजोबांनी ती भलीमोठी केस पाठ केलेली असणार. त्यांच्या काही वस्तू घरात असतील, एखादी स्टिक, चार खिळे, तर जपून ठेवा, मोडीत देऊ नका. फक्त शिसं आहे म्हणून हात धुवा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका.

प्रश्न: एवढी हुशारी, एवढी पेटंट, मग पैसा का नाही आला? नावसुद्धा आज कुणाला माहीत नाही.
(वाचक, डोंबिवली)

कारण पेटंट म्हणजे पैसे नव्हेत. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, तोही ठरावीक वर्षं आणि त्या त्या देशापुरता. मशीन बनवायला कारखाना लागतो, चार नमुने बिघडवायला पैसा लागतो आणि विकायला ओळखी लागतात, यातलं पेटंट काहीच देत नाही.

भिशांना माणसं चांगली भेटली, यात वादच नाही. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी होते, म्हणजे राजकारणाच्या एवढ्या रगाड्यात दादाभाई एका तरुणाच्या टाइपच्या मशीनसाठी खटपट करत होते. दादाभाईंमुळे हिंडमन जोडले गेले, इंग्लंडमधले त्या काळातले मोठे समाजवादी पुढारी, त्यांनी भांडवल उभं करायचं मनावर घेतलं, पण ते जमलं नाही. आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात. ब्रिटनमध्ये तेव्हा पेटंटची मुदत १४ वर्षं, चालू ठेवायला मधूनमधून फी भरायची. भांडवलाची वाट बघण्यात वर्षं गेली की ती मुदतीतूनच जातात. घड्याळ थांबत नाही.

पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ ते १९१८, आपल्या डोळ्यांसमोर येतात ते नव्हेत. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला पैसे पाठवणारे ते हेच. त्यांनी मदत केली आणि भिसे अमेरिकेत गेले, तिथे पेटंट घेतली, कंपनी काढली, काम चालू ठेवलं.

एडिसनकडे काय होतं? १८७६ पासून मेन्लो पार्कला स्वतःची प्रयोगशाळा, पगारी मेकॅनिक, काच फुंकणारे, हिशेब बघणारे, वकील. एक गोष्ट फसली तर दुसरी तिचा खर्च काढायची. भिशांना प्रत्येक वेळी नवा पाठीराखा शोधावा लागला. दोघांना एका मापाने तोलणं मला अन्यायाचं वाटतं, आणि खरं सांगायचं तर 'भारतीय एडिसन' हे नावही मला आवडत नाही, कौतुकाचं असलं तरी, त्याने भिशांचं स्वतःचं काम झाकलं जातं. शाळेच्या पुस्तकात भिसोटाइपचं एक चित्र आणि दोन परिच्छेद आले तर केवढं बरं होईल.

प्रश्न: भिशांचं ते औषध अजून मिळतं म्हणे, घेऊन बघावं का?
(वाचक, नाशिक)

ॲटोमिडीन म्हणताय तुम्ही, आयोडीनचं. त्या नावाने परदेशात अजून विकतात. पण स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका. आयोडीन जास्त झालं तरी थायरॉइड बिघडतं, कमी झालं तरी बिघडतं. इतिहास म्हणून वाचा, पोटात काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: मी आयटीआय केलंय, यंत्रमागावर काम करतो. माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत, एक मागावर धागा तुटल्यावरची आणि एक घरातल्या मिक्सरची. डिग्री नाही. दोन्हींचं मिळून एक पेटंट घेता येईल का? खर्च किती?
(वाचक, इचलकरंजी)

डिग्री कुणी विचारत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. अर्जात शोध नवा आहे का, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचला नसता असा आहे का आणि उद्योगात वापरता येतो का एवढंच बघतात.

दोन्हींचा मिळून एक अर्ज नाही चालणार. एका अर्जात एक शोध, किंवा एकाच कल्पनेने बांधलेले शोध. माग आणि मिक्सर म्हणजे दोन अर्ज, दोन फी. अर्जाची सरकारी फी एकट्या माणसाला ऑनलाइन १,६०० रुपये आहे, पुढे तपासणीची फी वेगळी आणि एजंट लावलात तर त्याचे वेगळे, खरा खर्च तिथे होतो. महाराष्ट्राचं पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण आता सगळं ऑनलाइन होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज टाकायच्या आधी कुणाला दाखवू नका, व्हिडिओ टाकू नका, प्रदर्शनात मांडू नका. एकदा जगजाहीर झालं की 'नवीन' हा मुद्दाच जाऊ शकतो. मशीन पूर्ण झालं नसेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, त्याने तारीख तुमच्या नावावर लागते आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज द्यायचा. पूर्ण अर्ज दिला म्हणून तपासणी आपोआप सुरू होत नाही, ती वेगळी मागावी लागते, हल्ली पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत, नाहीतर अर्ज बाद. मिळालं तर मुदत २० वर्षं, अर्जाच्या तारखेपासून.

त्याआधी शोधाशोध करा, भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर आणि गुगल पेटंट्सवर फुकट बघता येतं. धागा तुटल्यावर माग थांबवायची यंत्रं जगात खूप जुनी आहेत, त्यामुळे तुमचं त्याहून वेगळं नेमकं काय, कुठला भाग, कुठली हालचाल, हे आधी कागदावर चित्र काढून स्वतःला नीट सांगा. मला वाटतं दोनपैकी मागाचं आधी करा, कारण रोज आठ तास तुम्ही त्याच्यासमोर उभे असता, मिक्सरवर मोठ्या कंपन्यांची पेटंट ढिगाने आहेत. आणि चित्र काढताना मागातली तीच युक्ती मिक्सरमध्ये वापरता येतेय असं दिसलं, तर मात्र परत लिहा, मग एका अर्जाचा विचार करता येईल.