आयटीपी: प्लेटलेट नेमकं कोण खातं?

मुलीला (वय २६) आयटीपी, म्हणजे प्लेटलेट कमी होण्याचा आजार, निघालाय, प्लेटलेट काउंट १८,०००. डॉक्टर म्हणतात, शरीरच प्लेटलेट मारतंय. म्हणजे कोण?

एकटादुकटा नाही, टोळीच आहे. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या बी-पेशींपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी प्लेटलेटच्या अंगावरच्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी सोडतात. ही अँटिबॉडी बहुतेकदा स्वतः मारत नाही, नुसती चिकटते. रक्त पाणथरीतून, म्हणजे प्लीहेतून, जाताना तिथल्या मॅक्रोफेज पेशी ती खूण ओळखतात आणि प्लेटलेट गिळून टाकतात. एरवी ७ ते १० दिवस जगणारी प्लेटलेट अशी काही तासांतही संपते.

गोष्ट इथे थांबत नाही. गिळलेल्या प्लेटलेटचे तुकडे मॅक्रोफेज त्याच यंत्रणेतल्या टी-पेशींना दाखवतात, टी-पेशी बी-पेशींना चेतवतात, की पुन्हा अँटिबॉडी. हे भांडण मिटवायचं काम ज्यांचं, त्या नियामक टी-पेशी आयटीपीत कमी किंवा दुबळ्या असतात. शिवाय काही पेशंटमध्ये मारक टी-पेशी प्लेटलेटवर थेट तुटून पडतात. बोन मॅरोमधल्या, प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशीही या माऱ्यातून सुटत नाहीत. म्हणून एल्ट्रोम्बोपॅगसारखं उत्पादन वाढवणारं औषध उपयोगी पडतं.

दोष रक्तातच आहे हे १९५० साली सेंट लुईसच्या डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी स्वतःवर दाखवलं. आयटीपीच्या पेशंटचं सुमारे अर्धा लिटर रक्त त्यांनी टोचून घेतलं. काही तासांत प्लेटलेट कोसळल्या, आकडीही आली. आठवड्याभरात ते सावरले. आज कुठलीही एथिक्स कमिटी त्यांना दारात उभं करणार नाही.

अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली. मग आयटीपी नाही ना?

तसं नाही. बऱ्याच पेशंटमध्ये ती निगेटिव्हच येते. निदान इतर कारणं वगळून होतं. मी आधी रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. एकदा ३०,००० काउंट घेऊन एक गृहस्थ घामाघूम होऊन आले होते. स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे! जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनाने त्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मशीनने त्या मोजल्याच नव्हत्या. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, काउंट नॉर्मल.

रिटुक्सिमॅब घेऊनही काउंट पुन्हा पडला. आता पाणथरी काढायला सांगताहेत.

रिटुक्सिमॅब हे औषध बी-पेशींवरची सीडी२० ही खूण पकडतं. प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसते, त्यामुळे त्या मागे राहून अँटिबॉडी सोडत राहू शकतात. पाणथरी काढली की गिळणाऱ्यांचा मुख्य अड्डा जातो आणि अँटिबॉडीचा एक कारखानाही. १९१६ साली प्रागमध्ये पॉल काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याने हे सुचवलं, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया टिकून आहे. साधारण दोन तृतीयांश पेशंटना दीर्घकाळ फायदा होतो. पण आजार होऊन वर्ष झालं नसेल तर मी थांबायला सांगेन, काउंट आपोआपही सुधारू शकतो. करायचीच ठरली तर न्यूमोकोकस वगैरे जंतूंविरुद्धच्या लसी आधी घ्या.

काउंट कमी आहे तर डेंग्यूत देतात तशा प्लेटलेट का चढवत नाहीत?

चढवलेल्या प्लेटलेटही त्याच मॅक्रोफेजच्या तोंडी जातात. जिवावरचा रक्तस्राव असेल तरच देतो, आणि त्याही स्टिरॉइड व इम्युनोग्लोब्युलिनच्या (शिरेतून देतात त्या तयार अँटिबॉडींच्या) जोडीने. पपईच्या पानांच्या रसाबद्दल चौघांनी विचारलंय: त्याच्या भरवशावर स्टिरॉइड अचानक बंद करू नका.