आधी मठ, मग वाडा, पुन्हा मठ

प्रश्न : मी वसईची. मुलगा इंग्लंडमध्ये केंट परगण्यात, मेडस्टोनला असतो. गेल्या वर्षी कार्मेल माउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या सणाच्या सुमारास मी त्याच्याकडे होते, तेव्हा त्यानं मला जवळच्या एल्सफर्डच्या कार्मेलाइट संघाच्या मठात मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला नेलं. लहानपणापासून माझ्या गळ्यात स्कॅप्युलर, म्हणजे माउलीच्या नावानं घालायचे दोरीतले कापडाचे दोन तुकडे, आहे, तिथं पाऊल ठेवताना डोळे भरून आले. पण सून म्हणाली, हे कुणा श्रीमंताचं घर होतं, फादर लोकांनी नंतर विकत घेतलं. मुलगा म्हणतो, मठ सातआठशे वर्षांचा आहे. खरं कोणाचं? आणि मोठ्या वेदीसमोर माणसं उघड्यावरच बसतात, डोक्यावर छप्पर का नाही?

उत्तर : ताई, दोघांचंही खरं आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम शिकायला मी दीड वर्ष केंटमध्ये होते. सुटीच्या दिवशी कितीदा तरी एल्सफर्डला गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पवित्र भूमीतल्या कार्मेल डोंगरावरचे संन्यासी धर्मयुद्धांच्या धामधुमीत तिथून बाहेर पडले. 1242 मध्ये रिचर्ड डी ग्रे या सरदारानं त्यांना एल्सफर्डला मेडवे नदीच्या काठी जागा दिली. 1247 मध्ये संघाची मोठी सभा इथंच भरली आणि एकांतात राहणारे हे संन्यासी लोकांमध्ये फिरणारे, भिक्षेवर जगणारे बंधू झाले. संत सायमन स्टॉक यांना 1251 मध्ये माउलीनं दर्शन देऊन स्कॅप्युलर दिला, ही परंपरा याच संघाची.

पुढं इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं देशभरचे मठ खालसा केले, त्यात 1538 मध्ये हाही गेला. जागा वायट घराण्याकडे आली. त्यातल्या धाकट्या थॉमस वायटनं 1554 मध्ये मेरी राणीविरुद्ध बंड केलं, त्याचं डोकं उडवलं गेलं आणि मालमत्ता जप्त झाली. मधले मालक सोडून देते. तुमच्या सूनबाई म्हणतात तो श्रीमंत म्हणजे सर जॉन बँक्स, लंडनचा बडा व्यापारी. सतराव्या शतकात त्यानं जागा घेतली आणि मठाचा ऐसपैस वाडा केला. 1669 मध्ये लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस तिथून चालला होता, तर नदीकाठचं ते घर बाहेरून पाहूनच तो खूश झाला आणि तसं डायरीत लिहून ठेवलं.

हा बँक्स आपल्याला अगदीच परका नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी एक, 1670च्या दशकात तर कंपनीचा गव्हर्नरच होता. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजानं मुंबई बेट वर्षाला 10 पौंडांवर याच कंपनीच्या हवाली केलं होतं. 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला मुंबईहून रायगडावर गेलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन, त्याचं घराणंही केंटचंच. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी त्या अंगणातल्या बाकावर बराच वेळ नुसती बसून होते.

आता वास्तूबद्दल. मठ मोडून घर झालं याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल, मलाही वाटायचं. पण घर झालं म्हणूनच मठ उरला, असं माझं आता पक्कं मत आहे. मठ खालसा झाले तेव्हा छपरांवरचं शिसं उतरवून वितळवलं जायचं, घडीव दगड विकले जायचे. छप्पर गेलं की पाणी भिंतीत मुरतं, आणि दोन पिढ्यांत भिंत बसते. एल्सफर्डचं चर्च असंच नाहीसं झालं. पण जिथं माणसं राहायला आली तिथं चूल पेटत राहिली, कौलं बदलली जात राहिली. बँक्सनं आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे मठाच्या कितीतरी खुणा झाकून टाकल्या. झाकल्या म्हणून त्या टिकल्या. पुढं लग्नसंबंधातून घर एल्सफर्डच्या अर्लांकडे गेलं आणि विसाव्या शतकात हेविट कुटुंबाकडे आलं. त्यांच्या काळात, 1930च्या सुमारास, मोठी आग लागली. दुरुस्ती करताना झाकलेलं जुनं काम पुन्हा उजेडात आलं!

तिथला करडा दगड हात लावून पाहिलात का? केंटिश रॅगस्टोन म्हणतात त्याला. मेडस्टोनच्याच आसपासच्या खाणींतला हा चुनखडीचा दगड, पण फार चिवट. छिन्नीला सहज दाद देत नाही, म्हणून भिंतीतले तुकडे वेडेवाकडे दिसतात आणि सांध्यांत चुना भरपूर लागतो. याच मेडवे नदीतून तो होड्यांनी लंडनला जायचा, टॉवर ऑफ लंडनलाही तो वापरला आहे. यात्रेकरूंचं जुनं दालन आहे ना, नदीच्या बाजूचं, तिथं मी एकदा भिंतीला पाठ टेकून बसले होते. भर उन्हाळ्यात ती पाठ गार झाली, थेट आमच्या साताऱ्याच्या वाड्यातल्या माजघरासारखी.

31 ऑक्टोबर 1949 रोजी कार्मेलाइट बंधू परतले. स्वतःचंच घर विकत घेऊन, 411 वर्षांनी. फादर मॅलकी लिंच यांनी पदरी पैसा नसताना बांधकाम काढलं. 1951 मध्ये संत सायमन स्टॉक यांची कवटी फ्रान्समधल्या बोर्डोहून इथं आणली गेली.

तुमच्या छपराच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. यात्रेकरू इतके येऊ लागले की एका दालनात मावेनात. वास्तुविशारद एड्रियन गिल्बर्ट स्कॉट यांनी जुनं चर्च होतं त्याच जागेवर आराखडा केला : वेदी छपराखाली, भोवती छोटी प्रार्थनामंदिरं, आणि भाविकांना मोकळं आकाश. 1965 मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. इंग्लंडच्या पावसात हे धाडसच आहे, पण मला ते फार आवडतं. जिथं चर्च नाहीसं झालं तिथंच माणसं उभी राहून गातात.

आणखी एक. भिंतींवरची मातीची भाजलेली चित्रं बहुधा घाईत पाहिली असतील. ती ॲडम कोसॉव्स्की या पोलिश चित्रकाराची. सोव्हिएत छळछावणीत असताना, इथून सुटलो तर देवाचं ऋण फेडीन, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. 1950 पासून पुढं कित्येक वर्षं तो एल्सफर्डसाठी काम करत राहिला. ती चित्रं जवळून बघा. एकेक चित्र अनेक तुकड्यांचं आहे, तुकडे वेगवेगळे भाजून मग भिंतीवर जुळवलेले. चिखलात ओढलेली रेघ, झिलईचा ओघळ, सगळं तसंच ठेवलंय.

या जुलैत पुन्हा जाणार असाल तर मिस्सेच्या तासभर आधी पोचा आणि रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या वाटेनं सावकाश चाला. कोसॉव्स्कीचं तिथलं काम त्या वाटेपासूनच सुरू झालं.